निळी बाटली राहू द्या, आधी बादली घ्या

पत्र: डोंबिवलीत राहतो. गोड्या पाण्याचा टँक आठ वर्षं सांभाळला. यंदा धीर करून मरीन टँक लावला: ३ फूट लांब, १५ इंच रुंद, १८ इंच उंच. खाली वाळू, सिरॅमिकचे दगड, मागे लटकवायचा फिल्टर, एक वेव्हमेकर (पाण्याला लाटांसारखा झोत देणारा पंप). पाणी घरच्या आरओचं, मीठ मरीन टँकचंच. चार दिवस पाणी फिरवलं आणि मग एकाच रविवारी दोन निमो, एक डोरी, एक डोमिनो डॅमसेल आणि एक क्लीनर कोळंबी आणली. चौथ्या दिवशी एक निमो गेला. अंगावर साय धरल्यासारखी दिसत होती. मासे आणून आज बारा दिवस झाले. डोरीवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके आलेत, पण ती खाते आहे. डोमिनो उरलेल्या निमोला कोपऱ्यातून हलू देत नाही. अमोनिया १ पीपीएम. दुकानदाराने निळं औषध दिलंय, सरळ टँकमध्ये घाला म्हणाला. अजून घातलेलं नाही. उरणहून समुद्राचं पाणी आणलं तर फरक पडेल का? आणि हे मासे एकमेकांत जमतील का? ता. क.: आज सकाळी कोळंबी मेलेली दिसली, पण जिवंत कोळंबीही दगडावर बसलेली आहे. एकच आणली होती!

उत्तर: नमस्कार. बाटली उघडली नाहीत हे फार चांगलं केलंत. बाजारात निळं औषध म्हणून दोन गोष्टी मिळतात. एक कॉपर सल्फेट, दुसरं मिथिलीन ब्लू. तांब्याने कोळंबी एकदोन दिवसांत मरेल, शिवाय ते दगडांत आणि वाळूत मुरून बसतं आणि पुढे महिनोन्‌महिने थोडं थोडं सुटत राहतं. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या, घाण पचवणाऱ्या जीवाणूंच्या मुळावर येतं, आणि ते तर तुमच्या टँकमध्ये अजून नीट रुजलेलेच नाहीत. म्हणजे बाटलीत काहीही असो, मोठ्या टँकमध्ये ती रिकामी करायची नाही.

ठिपके डोळ्यांना दिसतात म्हणून औषध आधी सुचतं. तुमच्या टँकमध्ये मात्र पहिला नंबर अमोनियाचा (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष), दुसरा डोमिनोचा, ठिपके तिसरे. पाण्याने अर्धमेला झालेला आणि दिवसभर मार खाणारा मासा कोणत्याही औषधाने उभा राहत नाही.

गोड्या पाण्यात १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) अमोनियावर मासे निभावून गेलेले तुम्ही पाहिले असतील. इथे तो हिशोब चालत नाही. अमोनियाचा सगळाच भाग सारखा विषारी नसतो; पीएच एका अंकाने वाढला की विषारी हिस्सा साधारण दहापट होतो. तुमच्या जुन्या टँकचा पीएच ७.२ च्या आसपास असेल, समुद्री पाण्याचा ८.२ असतो. कल्ले भाजतात, मासा वर येऊन धापा टाकतो, अंगावर जास्तीचा चिकट स्राव सुटतो. गेलेल्या निमोवरची साय ही अमोनियाची असेल किंवा ब्रुकलिनेला या परजीवीची. क्लाउनफिशला, म्हणजे निमोला, तो वरचेवर होतो आणि चारपाच दिवसांत नेतो. उरलेला निमो स्वच्छ दिसत असेल आणि खात असेल तर त्याच्यावर फक्त लक्ष ठेवा. साय दिसू लागली तर पुढे सांगितलेला टबचा उपाय त्याला पुरणार नाही.

आज संध्याकाळी ४० लिटर पाणी बदला. टँकचं माप १५९ लिटरचं येतं, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी सुमारे १३० लिटर. एका लिटरला साधारण ३७ ग्रॅम मरीन मीठ लागतं, म्हणजे ४० लिटरला दीड किलो. आधी पाणी, मग मीठ. उलट केलंत तर तळाशी पांढरा चुना बसतो आणि कॅल्शियम वाया जातं. छोटा पंप टाकून एरवी रात्रभर फिरवतात, आज अडचण आहे म्हणून पाणी काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत तीनचार तास पुरेत. तापमान आणि खारटपणा टँकइतकाच करूनच ओता. अमोनिया ०.७ च्या आसपास येईल. उद्या पुन्हा ४० लिटर बदललंत की ०.५ च्या खाली. दोन दिवस खाणं बंद. मासे उपाशी मरत नाहीत, खाल्ल्यावर अमोनिया मात्र नक्की सोडतात. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर वापरलं तर हरकत नाही, पण ते आणि तांबं एका पाण्यात कधीही नको. त्यातली काही रसायनं तांब्याचं रूप बदलून ते माशालाच विष करतात.

घरच्या आरओबद्दल एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पिण्याच्या फिल्टरमध्ये चव यावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बसवलेला असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजा, मग आरओचा मोजा. ५० च्या वर आला तर मेकॅनिकला सांगून मेंब्रेननंतर लगेच एक वेगळी नळी काढून घ्या, टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज या दोन्हींच्या आधी. १० च्या खाली आलं तर उत्तम. आणि किराणा दुकानातलं मीठ कधी कमी पडलं म्हणून घालू नका; ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असतं, त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पीएच धरून ठेवणारे क्षार नसतात.

मात्र तेच मीठ एका कामाला येतं. खारटपणा मोजायला काटा फिरणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो साध्या पाण्यावर शून्याला लावून समाधान मानू नका. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी किचनच्या वजनकाट्यावर मोजून मिसळलं की ते रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दिसायला हवं. दिसत नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणा. टँकमध्ये ३५ पीपीटी, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६, ठेवायची.

आता ठिपके. मिठाच्या कणाएवढे, मोजता येतील असे ठिपके आणि मासा खातो आहे, म्हणजे बहुधा क्रिप्टोकॅरियॉन, आपल्या बोलीत मरीन व्हाइट स्पॉट. याउलट अंगावर पिठी साखर भुरभुरल्यासारखी बारीक धूळ, श्वास जोरात, मासा वेव्हमेकरच्या झोतासमोर उभा आणि उजेड टाळणारा, असं असेल तर तो वेल्वेट. त्यात दोन दिवससुद्धा हातात नसतात. मासा लगेच वेगळ्या टबमध्ये घेऊन तांब्याचाच उपचार लागतो, साध्या आयनिक तांब्याची मात्रा ०.१५ ते ०.२५ पीपीएम, तीही कॉपर टेस्ट किटने रोज तपासून. चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेल्या) तांब्याची मात्रा कंपनीगणिक वेगळी असते. बाटलीवर प्रकारच लिहिलेला नसेल तर ती बाटली निरुपयोगी.

गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांवर तुम्ही हीटर ३० अंशांवर नेऊन मीठ घातलं असेल. इथे मीठ आधीच आहे, आणि ३० अंशांनी हा परजीवी मरत नाही, माशांचा प्राणवायू तेवढा कमी होतो. त्याचं चक्र समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतो. ठिपका म्हणजे कातडीत शिरलेला परजीवी. तीन ते सात दिवस तो माशाचं खातो, मग गळून तळाशी पडतो, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि कवच करतो. त्या कवचातून लवकरात लवकर तिसऱ्या दिवशी शेकडो पिल्लं सुटतात, त्यांना एकदोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. म्हणूनच चौथ्यापाचव्या दिवशी ठिपके नाहीसे होतात, लोक म्हणतात ‘औषध लागू पडलं’, आणि आठवड्याभराने दुप्पट ठिपके येतात. औषध लागू पडलेलं नसतं. परजीवी फक्त जागा बदलून बसलेला असतो.

तुमच्यासाठी औषधाविनाचा उपाय सांगतो: टब बदलण्याचा. ५० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, प्रत्येकी एक एअर स्टोन, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. वाळू नको, दगड नको, मोठ्या टँकचा स्पंज नको. डोंबिवलीत डिसेंबर-जानेवारी सोडले तर हीटरही लागत नाही. वर जाळी मात्र हवी. पहिल्या टबमध्ये ४० लिटर नवीन खारं पाणी, त्यात तिन्ही मासे. डोमिनोला मोठ्या छिद्रांच्या भाजीच्या टोपलीत वेगळं ठेवा. ७२ तास व्हायच्या आत मासे दुसऱ्या टबमध्ये, तिथेही नवीन पाणी. पहिला टब, पाइप, नळी, टोपली, सगळं ब्लीचच्या पाण्याने धुऊन, भरपूर खळबळून, उन्हात एक दिवस कडकडीत वाळवायचं. पुन्हा तीन दिवसांनी बदल. असे एकूण चार बदल, बारा दिवस. गळून पडलेला परजीवी कवच फोडायच्या आत तुम्ही टब बदलता, त्यामुळे त्याच्या पिल्लांना मासा मिळतच नाही. पाच वेळा ४० लिटर म्हणजे २०० लिटर पाणी आणि साधारण साडेसात किलो मीठ लागेल. ते आधीच आणून ठेवा, मध्येच संपलं तर केलेलं सगळं वाया.

यात चुका ठरलेल्या असतात. ‘आज ऑफिसला उशीर झाला, उद्या बदलू’ म्हणून ७२ चे ९० तास होतात. जुन्या टबचं पाणी माशाबरोबर मगभर नव्यात जातं. टोपली तीच वापरली जाते आणि वाळवायची राहते. म्हणून टोपल्याही दोन घ्या. दर वेळी मासे उचलताना पाणी कमीत कमी न्या. डोरीला जाळीत पकडू नका, तिच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि तुमचं बोटही कापतो. प्लास्टिकच्या डब्यात हाकलत घ्या. मोठ्या टँकमधून पहिल्यांदा मासे काढताना दगड बाहेर काढा, पाणी वीतभरापेक्षा खाली, अंदाजे १५ सेंटिमीटर आणा. दगडांत डोमिनो पकडायचा प्रयत्न केलात तर रात्र जाईल.

आणि मोठा टँक ७६ दिवस माशांविना. हो, अडीच महिने. कवचातून पिल्लं सुटायला सर्वांत उशीर ७२ दिवसांचा नोंदला गेला आहे, त्यात चार दिवस धाकधुकीचे. कोळंबी तिथेच राहील. तिच्या कवचावर परजीवी चिकटून येऊ शकतो, म्हणून तिला माशांकडे नेऊ नका. एकाआड दिवस एक दाणा खाणं द्या, पाणी फिरतं ठेवा. हा वेळ फुकट जात नाही. तुमच्या टँकला मुळात हाच वेळ दिला गेला नव्हता: अमोनिया खाणारे आणि त्यापासून बनणारं नायट्राइट खाणारे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तुम्ही दिले चार दिवस. शेवटच्या दोन आठवड्यांत खाणं हळूहळू वाढवून दोन माशांना पुरेल इतकं रोज घाला आणि मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट तेवढा चढतो आहे, असं सलग आठवडाभर दिसलं की टँक तयार.

बारा दिवसांनंतर निमोसाठी एक ४०-५० लिटरचा साधा काचेचा टँक लागेल. स्पंज फिल्टर, पाइपचा तुकडा, मरीन टँकसाठीचे बाटलीतले जीवाणू, आणि स्पंजमध्ये जीवाणू रुजेपर्यंत एकाआड दिवस १० लिटर पाणी बदल. मोठ्या टँकचा मग, जाळी, ओला हात, काहीही तिकडे नको. हा टँक पुढे मोडू नका. घरात येणारा प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे इथे राहील.

मासे जमतील का, हा तुमचा खरा प्रश्न. चौघांतले दोघे तुमच्या टँकसाठी नव्हतेच.

डोमिनो लहानपणी रुपयाएवढा, काळाभोर, तीन पांढऱ्या टिकल्या, स्वस्त आणि चिवट. म्हणूनच नवख्याच्या हाती पहिला दिला जातो. तो मोठा झाला की १२-१४ सेंटिमीटरचा होतो, टिकल्या पुसट होतात आणि ३ फुटांचा सगळा टँक आपलाच समजतो. दगडांची जागा बदलून, आरसा लावून त्याला दोनचार दिवस गोंधळात टाकता येतं. स्वभाव बदलत नाही. बरा झाला की परत द्या. डोरी, म्हणजे ब्लू टँग, ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते, दिवसभर लांब पल्ल्याचं पोहते आणि ठिपक्यांना सर्वांत आधी बळी पडते. तिला ६ फुटांचा टँक लागतो. ‘लहान आहे तोवर ठेवू’ हे वाक्य टँगबद्दल म्हणायचंच नाही. तिलाही बरी करूनच परत द्या, ठिपक्यांसकट नाही.

निमो ठेवा. मात्र जोडीदार आणताना माप बघा. क्लाउनफिश सगळे आधी नर असतात, गटातला सर्वांत मोठा आणि दांडगा मासा मादी होतो. तुमचा आधीचा आहे त्याहून स्पष्टपणे लहान आणा; दोघे सारख्या मापाचे असले तर वरचष्मा कोणाचा यावर भांडण विकोपाला जातं. दोघांना मोठ्या टँकमध्ये एकाच दिवशी सोडा. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होऊन अंग थरथरवू लागला की तह झाला समजा. ऑसेलॅरिस हीच जात मागा. ‘मरून’ (गडद लाल) क्लाउन दिसायला राजबिंडा, पण वागायला डोमिनोचा मोठा भाऊ. त्यांना राहायला अ‍ॅनिमोनी (समुद्रफूल) हवाच असं नाही, आणि पहिल्या वर्षात तो आणूच नका.

कोण कोणाशी भांडतं याचा ठोकताळा सोपा आहे: रंगाने, आकाराने किंवा खाण्याने आपल्यासारखा दिसणारा मासा म्हणजे वाटेकरी. आणि जो आधी आला तो मालक. म्हणून भित्रे मासे आधी, दांडगे शेवटी. तुम्ही चौघांना एकाच रविवारी सोडलंत, म्हणजे जो ताकदवान तो मालक. तुमच्या १३० लिटरला पाच लहान मासे पुरे. आधी एक फायरफिश. तो लाजाळू आहे आणि घाबरला की उडी मारतो, म्हणून वर खिडकीला लावतात तशी नायलॉनची जाळी चौकटीत ताणून बसवा. मग एक यलो वॉचमन गोबी. मग एक पायजमा कार्डिनल. निमोची जोडी सर्वांत शेवटी, कारण स्थिरावली की तीही एक कोपरा अडवते. दोन खेपांमध्ये किमान चार आठवडे, म्हणजे जीवाणूंनाही वाढीव खाण्याशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

ग्रीन क्रोमिस ‘थवा छान दिसतो’ म्हणून सहा दिले जातील. ते एकेकाला हेरून मारतात आणि बहुधा एकदोनच उरतात. सिक्सलाइन रॅस लहान टँकमध्ये गुंड होतो. क्लीनर रॅस ठिपके खाऊन टाकेल असं सांगितलं जातं. तो कातडीतला परजीवी काढू शकत नाही आणि घरच्या टँकमध्ये बहुधा उपासमारीने मरतो. मँडरिन फक्त जिवंत कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपतो, नव्या टँकमध्ये ते नसतातच. लायनफिश शांत असतो हे खरं, तोंडात मावेल तो मासा तो शांतपणेच गिळतो.

दुकानात तीन गोष्टी करा. मासा तुमच्यासमोर खातो का ते पाहा. ‘आत्ताच खाऊन झालंय’ म्हटलं तर उद्या जा. दोन्ही कल्ले सारखे हलतात का पाहा. आणि दुकानाच्या पाण्याचा खारटपणा विचारा, जमल्यास स्वतः मोजा. पुष्कळ ठिकाणी तो मुद्दाम १.०१८ ते १.०२० ठेवतात, मीठ वाचतं आणि परजीवीही दबून राहतात. तसा मासा थेट १.०२५ मध्ये आला तर त्याला मोठा धक्का बसतो. वेगळ्या टँकचं पाणी आधीच दुकानाइतकं करून ठेवा, मग रोज ०.००१ ते ०.००२ ने चढवा. पिशवी १५ मिनिटं तरंगवून तापमान जुळलं की मासा काढून घ्या, पिशवीचं पाणी फेका. लांबून आलेल्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका: पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो आणि आत साठलेला अमोनिया माशाला तिथेच भाजतो. मिळाले तर टँकमध्येच पैदास केलेले निमो घ्या, ते पहिल्या दिवसापासून दाणे खातात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी पैदास केली गेली आहे.

उरणचं पाणी नको. खाडीचा गाळ, बंदराचं तेल, सांडपाणी आणि पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी, कोणत्या दिवशी काय येईल सांगता येत नाही. आणि कोणी ‘असली लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रघोडा दाखवला तर हात लावू नका. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. तुमचे सिरॅमिकचे दगड उत्तम आहेत.

मे महिन्यात पंखा पाण्यावर लावलात तर डोंबिवलीच्या दमटपणात एकदोन अंशांचाच फरक पडेल. २८ अंश स्थिर राहिलेलं २६ ते ३० हेलकाव्यांपेक्षा बरं. वाफ होऊन ५ लिटर पाणी गेलं की ३५ चा खारटपणा ३६.४ होतो, कारण मीठ उडत नाही. काचेवर टेप लावून खूण करा आणि रोज साधं आरओ पाणी तिथवर भरा, खारं नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लगेच लावा. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो.

आणि ती मेलेली कोळंबी म्हणजे कात आहे. वाढताना कोळंबी मिशांसकट जुनं कवच सोडते, त्यामुळे हुबेहूब दुसरी कोळंबी पडल्यासारखी दिसते. उचलून पाहा, आतून पोकळ असेल. नवं कवच मऊ असल्याने ती एकदोन दिवस दगडामागे दडून राहील. शोधायला दगड हलवू नका. म्हणून मासे टबमध्ये न्यायचं काम परवावर टाका, तोवर दोन दिवस पाणी बदला.